आयत्या बिळावर नागोबा: बागेतल्या केसाळ, सोंडवाल्या माशीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून इंग्लंडला आलात, रेडिंगजवळ बाग असलेलं घर घेतलंत, आणि घरातल्या पहिल्याच एप्रिलमध्ये हिरवळीच्या कडेला, उन्हाच्या बाजूला, पेन्सिल खुपसल्यासारखी भोकं दिसली. त्यांच्यावर एक तपकिरी, केसाळ, लांब टोकदार सोंडेचा किडा तरंगत असतो. मध्येच जमिनीकडे झेपावतो आणि न टेकताच वर जातो. पाच वर्षांची मुलगी तिथेच खेळते. शेजारचे आजोबा मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, आणि हा किडा मधमाश्यांची पिल्लं खातो असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. दुकानात विचारलंत तर मुंग्यांची पावडर भोकांत ओता म्हणाले. तर ओतू का?

नका ओतू. पावडर परत घेत असतील तर देऊन टाका.

आता कारण सांगते, कारण नुसतं "नका" म्हटलं की मनातली धाकधूक जात नाही. मी इथे वीसेक वर्षं बागा, उद्यानं आणि बांधकामाच्या जागांवर कीटकांची पाहणी करण्याचं काम करते. दर एप्रिलमध्ये हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, आणि जवळजवळ दरवेळी त्यात एकच गफलत असते. तुम्ही दोन वेगळ्या प्राण्यांना एक समजताय. भोकं पाडणारी एक आहे आणि भोकांवर घिरट्या घालणारी दुसरीच. पावडर ओतलीत तर जमिनीतली पहिली मरेल. दुसरी भर्रकन उडून शेजारच्या बागेत जाईल.

भोकं पाडणारी ती एकांडी मधमाशी. ब्रिटनमध्ये मधमाश्यांच्या सुमारे २७० जाती आहेत. त्यांतली पोळं करून मध साठवणारी, पेटीत ठेवता येणारी जात फक्त एक. गुबगुबीत बंबलबी पंचविसाच्या आत-बाहेर. उरलेल्या बहुतेक सगळ्या एकट्याने संसार करणाऱ्या. त्यांना ना राणी, ना कामकरी, ना पोळं. त्यांतल्या अँड्रीना गटातल्या माश्या जमिनीत खणतात. तुमच्या भोकांभोवती बारीक मातीची ज्वालामुखीसारखी रास असेल तर बहुधा त्याच. अंगावर कोल्ह्याच्या रंगाची दाट लव दिसली तर ती अँड्रीना फुल्वा. मला विचाराल तर इथल्या वसंतातली सगळ्यात देखणी माशी.

आणि घिरट्या घालणारी ती बॉम्बिलियस मेजर. इथले लोक तिला डार्क-एज्ड बी-फ्लाय म्हणतात, मी घरात मराठीत बोलताना सोंडमाशी म्हणते. सेंटिमीटरभर लांब, लोकरीच्या गोळ्यासारखी, आणि पुढे सहा-सात मिलिमीटरची ताठ सोंड. ती मधमाशी नाहीच, माशी आहे. आपल्या घरमाशीची लांबची चुलत बहीण. एखादी पानावर बसली की खात्री करून घ्या. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक घुंड्या असतात, तोल सांभाळायला. स्पर्शिका आखूड. पाय काडीसारखे लांब आणि लटपटते. बसताना पंख अंगावर न मिटता दोन्ही बाजूंना तिरके पसरून बसते, आणि तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेचा गडद तपकिरी पट्टा स्वच्छ दिसतो. पट्ट्याऐवजी पंखभर ठिपके असतील तर ती तिची बहीण, बॉम्बिलियस डिस्कलर. ती दक्षिण भागात जास्त, म्हणजे तुमच्याकडेही दिसू शकते.

मुलीची काळजी आधी मिटवते. सोंडमाशीला नांगी नाही. ती सोंड दिसते इंजेक्शनच्या सुईसारखी, पण ती मकरंद ओढायची नळी आहे. कातडीत शिरत नाही. मधमाशीला आपली जीभ दुमडून घेता येते, हिला ते जमत नाही, म्हणून बिचारी कायम भाला रोखल्यासारखी हिंडते. प्रिमरोझ, लंगवर्ट, ग्रेप हायसिंथ अशा खोल नळीच्या फुलांपाशी तिला बघा. पंख चालू ठेवून हवेतच थांबते, पुढचे पाय फुलाच्या पाकळीला हलकेच टेकवते आणि सोंड आत घालते. भोकं पाडणाऱ्या अँड्रीनाच्या माद्यांना नांगी असते, पण ती दुबळी. चिमटीत पकडलंत किंवा अनवाणी पायाखाली आली तरच प्रश्न. राखण करायला पोळंच नसल्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. मुलीला तिथे चप्पल घालायला सांगा, बस.

आता तुमचा खरा प्रश्न: ती पिल्लं खाते का? हो, खाते. यात लपवण्यासारखं काही नाही. पण कुणाची आणि कशी, हे बघण्यासारखं आहे.

उन्हाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भोकांपासून हातभर अंतरावर बूड टेकून बसा. सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. आधी एक मजेशीर दृश्य दिसेल. मादी कोरड्या, बारीक मातीवर उतरते, पोटाचं टोक मातीला टेकवते आणि डावीकडे-उजवीकडे थरथरत घासते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही मरायला टेकली. प्रत्यक्षात ती माती भरून घेत असते. मादीच्या पोटाच्या टोकाशी केसांनी वेढलेली एक छोटी पोकळी असते. त्यात धूळ भरायची आणि आत येणारं प्रत्येक अंडं त्यात घोळवायचं, खोबऱ्याच्या किसात लाडू घोळवतो तसं. का, याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. अंड्याला वजन येतं आणि ते नेमकं जाऊन पडतं, ते लवकर सुकत नाही, मातीत मिसळून दिसेनासं होतं. माझ्या मते पहिलं कारण मोठं, कारण पुढचा खेळ सगळा नेमाचा आहे.

कारण ही बिळात उतरत नाही. भोकावर वीतभर उंचीवर तरंगत थांबते, खाली झुकते, आणि पोटाला झटका देऊन अंडं भोकाकडे भिरकावते. तुम्हाला जी झेप वाटली ती हीच. फोनवर स्लो मोशनमध्ये टिपलंत तर अंडं सुटतानाचा क्षण कधीकधी सापडतो. गोट्या खेळताना खड्ड्यावर नेम धरावा तसा सगळा प्रकार, फरक एवढाच की हिला समोरचा खड्डा खरा की खोटा हे नीट कळत नाही. तिला दिसतो तो काळा गोल ठिपका. माझ्याच अंगणात कपडे वाळत घालायच्या छत्रीसाठी जमिनीत ठोकलेली लोखंडी नळी आहे. एका एप्रिलमध्ये छत्री काढलेली होती, आणि एक मादी त्या रिकाम्या नळीत नेटाने अंडी फेकत होती. मी मोजायला लागले, अठरा मोजली आणि मग मलाच तिची दया आली. अशी वाया जाणारी अंडी गृहीत धरूनच तिचा कारभार चालतो. अंडी ढीगभर आणि नशीब मूठभर.

भोकाच्या तोंडाशी पडलेल्या अंड्यातून जी अळी निघते ती आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या लठ्ठ, पांढऱ्या अळीसारखी नसते. ती दोऱ्याच्या तुकड्यासारखी बारीक आणि चपळ असते. तिला एकच काम: वळवळत खाली जाणं. खाली मधमाशीने उभ्या बोगद्याच्या बाजूला छोट्या कोठड्या केलेल्या असतात. प्रत्येक कोठडीत परागकण आणि मकरंद मळून केलेला मटाराहून लहान गोळा, आणि त्यावर एक अंडं. आई कोठडी बंद करून निघून जाते, पोर आपलं आपण त्या शिदोरीवर वाढतं. सोंडमाशीची अळी या कोठडीत पोचली तर लगेच हल्ला करत नाही. थांबते. पोराला जेवू देते. पोर खाऊन टच्च झालं, कोशात जायच्या बेतात आलं, की मग ती कात टाकून दुसरंच रूप घेते, जाड आणि आळशी, आणि पोराच्या अंगाला बाहेरून तोंड लावून रस शोषायला लागते. घाई केली असती तर चिमूटभर हाती लागलं असतं. थांबली म्हणून परागाचा सगळा गोळा, मधमाशीच्या पोरामार्फत, हिच्या पोटात. याला आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, आणि ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

या शोषण्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये झां आन्री फाब्र नावाचा शिक्षक होता. त्याने याच कुळातल्या दुसऱ्या माशीची, अँथ्रॅक्सची, अळी काचेच्या नळीत ठेवून दिवसेंदिवस पाहिली. मातीची घरटी बांधणाऱ्या मधमाशीच्या अळीवर ती जगत होती. त्याला कोडं पडलं की अळीला चावायला जबडे नाहीत, भक्ष्यावर जखम नाही, तरी भक्ष्य आटत आटत शेवटी नुसती कातडीची चिंधी उरते. मग त्याने ती चिंधी पाण्यात भिजवली, बारीक नळीच्या टोकाला लावून फुंकली. ती फुगली आणि पुन्हा अळीच्या आकाराची झाली. कुठूनही हवा सुटली नाही. भोकच नव्हतं. घरच्या टेबलावर, फुंकर मारून केलेला प्रयोग. आजही कीटकशास्त्राच्या नव्या मुलांना मी पहिला हाच सांगते.

हिवाळा जमिनीखालीच जातो. शेजारच्या कोठड्यांत, जी पोरं वाचली ती पूर्ण वाढलेल्या मधमाश्या होऊन वसंताची वाट बघत बसलेली असतात. बाहेर पडायची वेळ आली की मधमाशी आपल्या जबड्यांनी माती उकरून वर येते. सोंडमाशीची इथे अडचण होते. तिच्याकडे खणायला काही नाही. ते लटपटते पाय आणि ती नाजूक सोंड घेऊन वीतभर माती कशी फोडणार? म्हणून ते काम तिचा कोषच उरकतो. कोषाच्या डोक्यावर टणक काट्यांचा मुकुट असतो आणि अंगावर मागे वळलेले केस आणि काटे. तो वळवळत, गिरमिटासारखा माती फोडत वर येतो, अर्धा जमिनीबाहेर डोकावतो, उकलतो, आणि आतून कोरडी ठणठणीत माशी बाहेर पडते. रिकामी तपकिरी साल तिथेच मातीत उभी राहते.

इथवरचा हिशोब एकदा लावून टाकते: भोकं मधमाशीची, अंडी सोंडमाशीची, अंगावर धावून येणारं कुणी नाही, आणि दोघींचं वर्षाचं घड्याळ एकमेकींना बांधलेलं. मार्च ते जून उडताना दिसतात, एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त, उरलेलं वर्ष जमिनीत.

मग ती मधमाशीसारखी का दिसते? बहुतेकांना वाटतं की मधमाशीला फसवून घरात शिरायला. ते मला पटत नाही, कारण घरात ती शिरतच नाही, आणि भोकावर घिरट्या घालताना मी मधमाश्यांना तिच्याकडे फारसं लक्ष देतानाही पाहिलेलं नाही. हे सोंग पक्ष्यांसाठी आहे. नांगी नसलेल्याने नांगीवाल्याचा वेश घ्यायचा. हेन्री वॉल्टर बेट्स ११ वर्षं अमेझॉनच्या जंगलात फुलपाखरं गोळा करत हिंडला आणि १८६२ मध्ये त्याने हा प्रकार मांडला. आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या गावात येणारा बहुरूपी पोलिसाचा वेश करून दरडावतो ना, त्यातलंच. शिवाय ती लोकर मार्चच्या गारठ्यात उबेलाही उपयोगी पडते.

एक सावधगिरी. बागेतली प्रत्येक केसाळ, मधमाशीसारखी माशी म्हणजे सोंडमाशी नव्हे. डॅफोडिलवर घुटमळणारी, बंबलबीसारखी दिसणारी आणि आखूड तोंडाची असेल तर ती नार्सिसस फ्लाय असू शकते. तिची अळी कंद पोखरते, मधमाश्यांशी तिचा संबंध नाही. आणि हुबेहूब पेटीतल्या मधमाशीसारखी दिसणारी ड्रोनफ्लाय तर कुणाचंच पिल्लू खात नाही, तिची अळी घाणेरड्या पाण्यात वाढते. लांब ताठ सोंड हीच खूण धरा.

शेजारच्या आजोबांना सांगा, निर्धास्त राहा. पेटीतल्या मधमाशीची पोरं जमिनीत नसतात. ती पोळ्यात, हजारोंच्या पहाऱ्यात वाढतात, आणि सोंडमाशी तिकडे फिरकत नाही. त्यांच्या पेट्यांना व्हरोआ गोचिडीचा ताप असेल, त्यात या माशीचा हात नाही.

राहता राहिला न्यायाचा प्रश्न: जमिनीतल्या बिचाऱ्या अँड्रीनाचं काय? इथे मात्र उत्तर परिस्थितीवर आहे. काही वसाहतींत सोंडमाशी बऱ्याच कोठड्या फस्त करते, काहींत जेमतेम. आणि ती एकटी नाही. थोडं टक लावून बसलात तर गांधीलमाशीसारखी पिवळी-काळी, सडपातळ नोमाडा नावाची मधमाशी दिसेल. ती खरी कोकिळा, थेट बिळात शिरून अंडं घालते. पराग घेऊन येणाऱ्या अँड्रीनाच्या मागोमाग, दोरीने बांधल्यासारखी ठरावीक अंतर राखून उडणारी एक करडी माशीही दिसेल. हे सगळं अँड्रीनाच्या पाचवीलाच पुजलेलं आहे, आणि तरी ती टिकून आहे. सोंडमाशीचं पोट भरायला मुळात मधमाश्या भरपूर लागतात. त्या घटल्या की आधी उपाशी पडते ती हीच. म्हणून पाहणीला गेले आणि सोंडमाशी दिसली की मी वहीत "इथे मधमाशी नांदते आहे" असं लिहून मोकळी होते, भोकं सापडायच्या आधीच.

उलट मी पाहिलेल्या वसाहती उठल्या त्या फावड्याने, फरशीने आणि पावडरीने. एकदा एका सोसायटीच्या बागेत शेकडो भोकांची जुनी वसाहत होती. मी अहवालात लिहिलं, एवढा कोपरा सोडा. पुढच्या वर्षी गेले तर तिथे छान करडी फरशी आणि दोन कुंड्या. त्यांनी अहवाल वाचलाच नव्हता.

तुमच्या बागेत काय करायचं ते जागेवर ठरेल. भोकं कडेला असतील तर तो पट्टा तसाच उघडा ठेवा, गवत आपलं आपण तिथे विरळच राहील. गवत कापायला हरकत नाही, पातं थोडं उंच ठेवा. भोकं बुजवत बसू नका, मधमाशी पुन्हा उकरते, फक्त तिचा दिवस वाया जातो. भोकं नेमकी मुलीच्या वाळूच्या खेळात असतील तर गोष्ट वेगळी. मग वाळू पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून झाकून ठेवा, म्हणजे त्या दुसरी जागा शोधतील. या वर्षीची सहा-आठ आठवडे सोसा. आणि हिरवळ उकरून नवी टाकायचा बेत असेल तर एक लक्षात घ्या: भोकं बंद झालेली दिसली तरी जमिनीखाली वर्षभर कुणीतरी असतं. "ऑगस्टमध्ये तर रिकामंच असेल" हा हिशोब चुकतो.

तुम्ही विचारलंत नाही, पण मनात आलं असेल: आपल्याकडे असतात का या? असतात. याच कुळातल्या, काळ्या नक्षीच्या पंखांच्या माश्या कातळावर, पायवाटेवर पंख पसरून बसलेल्या दिसतात. नाशिकच्या घरी चौकटीवर कुंभारणीचं मातीचं घरटं पाहिलं असेलच. त्यातून कधीकधी कुंभारणीऐवजी भलतीच माशी बाहेर पडते, तीही याच खानदानातली असू शकते.

मुलीला यात ओढायचं असेल तर एक काम देते. इथे २०१६ पासून दर वसंतात बी-फ्लाय वॉच नावाने लोकांकडून सोंडमाशीच्या नोंदी गोळा केल्या जातात. पहिली माशी दिसली की फोटो, तारीख आणि ठिकाण कळवायचं. फोटो बसलेल्या माशीचा घ्या, पंखाची कड दिसायला हवी. आणि पुढच्या मार्चच्या शेवटी, ऊन पडल्यावर, तिला त्याच पट्ट्यावर पोटावर झोपवून मातीत उभी असलेली तपकिरी, काटेरी साल शोधायला सांगा. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते. हातात घेताना अलगद, दाबली की चुरा होतो.